मुलांना सांपडलेलें गांवापुढें येऊं द्या

१५ ऑगस्ट २०२१ पासून शेतांतील उभ्या पिकाची नोंद खातेदारानें स्वतःच आपल्या मोबाईल फोनवरून करावी, अशी रीत सरकारनें सबंध महाराष्ट्रांत सुरू केली, हें वाचकांस ठाऊक आहेच. महसूल खात्याच्या कचेरींत सारी उमेद कारकुनींत घालविलेल्या आमच्यासारख्यांस या 'ई-पीक पाहणी'चें प्रथम मोठें नवल वाटलें. गांव नमुना बारा भरणें हें तलाठ्याचें काम, त्यावर शेरा मारणें हें मंडळ अधिकाऱ्याचें काम, आणि त्यांत चूक निघाली म्हणजे कचेरीच्या पायऱ्या झिजविणें हें खातेदाराचें काम, अशी वांटणी आम्हीं वर्षानुवर्षें पाहिलेली. ती लेखणी आतां खातेदाराच्या हातीं आली. परंतु खरें सांगावयाचें तर पुष्कळ घरांत ती खातेदाराच्या हातीं न येतां त्याच्या नववी-दहावींतील मुलाच्या किंवा मुलीच्या हातीं आली. गट नंबर निवडावयाचा, पीक व क्षेत्र भरावयाचें, शेतांत उभें राहून पिकाचें छायाचित्र काढावयाचें, आणि तेथें रेंज नसेल तर गांवांत आल्यावर तें पाठवावयाचें, हें बापास शिकविणारा गुरु त्याच्याच घरीं पाटी-दप्तर घेऊन बसलेला होता.

या गोष्टीची दुसरी बाजू मात्र फारशी कोणी बोलत नाहीं. ज्या घरांत असें शिकतें मूल नव्हतें, त्या घराची नोंद कोणीं केली? कित्येकांची ती कोरीच राहिली, आणि पीकविमा, हमीभावाची खरेदी किंवा अतिवृष्टीची भरपाई यांच्या वेळीं तोच कोरा नमुना पुढें उभा राहिला. बांधाला बांध लागून असलेल्या शेतांत दहावीची मुलगी तें काम दहा मिनिटांत उरकीत होती. तिला कोणीं असें म्हटलें नाहीं, कीं बाई, शेजारच्या काकूंचेंही करून दे, आणि करतां करतां त्यांनाही दाखीव. तिनें आपण होऊन जावें तर मुलीच्या जातीनें चार घरें हिंडूं नये, ही आपली शिस्त आडवी येते. मुलगा असेल तर त्याला 'तुला कोणीं पंचायत सांगितली' म्हणून आपणच गप्प बसवितों.

आजच्या लेखाचा विषय हाच आहे. शाळा-कॉलेजांत जाणाऱ्या आपल्या मुलांस फोन, पंप, फवारणीचीं यंत्रें, मोजमापाचीं साधनें यांविषयीं जें कांहीं नवें सांपडतें, तें घराच्या उंबऱ्याआंत राहतें. आणि तें तेथें राहण्यास मुलें फारशीं कारण नसून आपण वडील मंडळीच बहुशः कारण आहों.

पंढरपूर रस्त्यावरील एका गांवांत आमच्या परिचयाचे एक द्राक्षबागाईतदार आहेत. त्यांचा मुलगा अकरावीस शास्त्र शाखेंत शिकतो. त्यानें कॉलेजांतल्या प्रयोगशाळेंतून आम्लता मोजण्याच्या कागदी पट्ट्या मागून आणल्या व घरच्या बोअरचें पाणी तपासलें. पाणी बरेंच अल्कधर्मी निघालें. आपल्या जिल्ह्यांत ही कांहीं अपूर्व गोष्ट नव्हे. परंतु कॅप्टन नांवाचें जें बुरशीनाशक आपण केवड्यासाठीं फवारतों, तें अल्कधर्मी पाण्यांत पडलें म्हणजे थोड्याच वेळांत विघटन पावून निकामी होऊं लागतें, हें त्यानें पुस्तकांत वाचलें होतें. पाणी जितकें अधिक अल्कधर्मी तितकी औषधाची नासाडी लौकर; टांकी भरून चहा घेऊन यावें तोंपर्यंत औषधाचा बराच अंश गेलेला असावयाचा. मुलानें पाण्यांत अगोदर थोडें लिंबूसत घालून, पट्टीनें पाहून, मग औषध घालण्याचा परिपाठ ठेवला. त्या हंगामांत एक फवारणी वांचली, असें त्याचा बापच आम्हांस सांगत होता.

आम्हीं म्हटलें, "मग हें गांवांत चार जणांस सांगा कीं!" तेव्हां ते गृहस्थ हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, पोराला बजावलंय मी, बाहेर ब्र काढायचा नाहीं. सगळ्यांचाच माल चांगला निघाला तर आमच्या मालाला भाव कोण देणार?"

हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. ज्यानें कर्ज काढून बाग उभी केली आहे, त्यास शेजाऱ्याहून चार पैसे अधिक मिळावेत असें वाटणें हा गुन्हा नव्हे. परंतु हिशेब मांडून पाहिला तर तो जुळत नाहीं. द्राक्षाचा व्यापारी एका बागेसाठीं गाडी घेऊन येत नाहीं; ज्या गांवीं भरपूर व सारखा माल मिळतो तेथें तो येतो, आणि एकाच्या मागून दुसरा आला म्हणजे भाव बोलण्याची शक्ति बागाईतदारांकडे येते. एकट्याच्या उत्तम मालाला गांवाच्या वाईट नांवाचा दर मिळतो, हें ज्यांनीं बाजार पाहिला आहे ते जाणतात. याहूनही मोठी गोष्ट अशी, कीं केवड्याला सातबारा वाचतां येत नाहीं. शेजाऱ्याच्या बागेंत निकामी फवारणीमुळें बुरशी माजली, तर तिचे बीजाणु वाऱ्या-पावसाबरोबर आपल्या वेलीवर येणारच. सांगोल्याकडील डाळिंबवाल्यांस हें तेल्या रोगानें फार महाग शिकविलें. एकानें बाग स्वच्छ ठेवावी, दुसऱ्यानें रोगट फांद्या बांधावर तशाच टाकाव्या, आणि पावसाच्या सड्याबरोबर रोग इकडून तिकडे जावा, असे प्रकार होऊन बागाच्या बागा उपटाव्या लागल्या. शेजाऱ्याचें अज्ञान ही आपल्या शेताची मिळकत नव्हे, तो आपल्या शेतावरचा बोजा आहे, आणि तो इतर हक्कांत चढलेला नसल्यामुळें आपल्या ध्यानांत येत नाहीं, इतकेंच.

आम्ही त्या गृहस्थांशीं असें पुष्कळ बोललों. शेवटीं सोसायटीच्या ओट्यावर एका संध्याकाळीं मुलानें दहा-बारा जणांपुढें पट्ट्या बुडवून दाखविल्या. पुढें जें झालें तें आमच्या मतें या सर्व प्रकरणांत अधिक मोलाचें आहे. मंडळींत एक वृद्ध बागाईतदार होते. ते म्हणाले, "बाळ, तुझें खरें, पण बोर्डोला हें लिंबूसत लावूं नकोस हो, पानें जाळशील." बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद व चुना, हें आम्ल राहतां कामा नये, तें आम्ल आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं जुने लोक त्यांत घांसलेला लोखंडी खिळा किंवा विळ्याचें पातें बुडवितात, आणि त्यावर तांबडा थर चढला तर चुना आणखी घालतात. मुलाच्या पुस्तकांतील त्या पानावर हा अपवाद नव्हता. म्हाताऱ्याजवळ पट्टी नव्हती, पण खिळा होता. मुलानें तोंड मिटून ठेवलें असतें, तर दुसऱ्या वर्षीं त्यानें बोर्डोच्या पिंपांतही लिंबूसत ओतलें असतें आणि कोंवळी पालवी गमावली असती. सांगितल्यानें शेजाऱ्यांचा फायदा होतो हें सर्वच म्हणतात; सांगणाऱ्याची कच्ची गोष्ट पक्की होते, हा फायदा कोणी मोजीत नाहीं.

बोर्डोचा उल्लेख आलाच आहे, तर त्याची कूळकथाही येथें सांगण्याजोगी आहे. फ्रान्स देशांत बोर्डो शहराच्या आसपास द्राक्षांचे मोठे मळे आहेत. तेथील मळेवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना यांचें निळसर पाणी शिंपडीत, तें रोगासाठीं नव्हे, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांनीं घड चोरून खाऊं नयेत म्हणून. १८८२ सालीं मिलार्दे नांवाच्या प्राध्यापकाच्या नजरेस असें आलें, कीं केवड्यानें इतर वेलींचीं पानें गळालीं असतां याच वेली हिरव्या राहिल्या आहेत. त्यानें प्रयोग केले आणि १८८५ सालीं कृति छापून प्रसिद्ध केली. मळेवाल्यांच्या हातांत औषध होतें, पण त्यांस तें चोरासाठींचें रंगपाणी वाटत होतें. प्राध्यापकानें तें पाहिलें, ताडून बघितलें आणि सर्वांस सांगितलें, म्हणून तें सोलापूरच्या बागेपर्यंत येऊन पोंचलें. कोणी तें कुलुपांत ठेवलें असतें तर आज आपल्या वेलींची काय गत झाली असती याचा वाचकांनींच विचार करावा.

फ्रान्सपर्यंत जाण्याचेंही कारण नाहीं. उत्तर सोलापूर तालुक्यांतील नान्नज हें गांव बाहेरच्या लोकांस माळढोक पक्ष्यामुळें माहीत आहे, परंतु द्राक्षवाल्यांस तें नानासाहेब काळे यांच्यामुळें माहीत आहे. थॉमसन सीडलेसच्या बागेंत निराळी दिसलेली वेल हेरून त्यांनीं 'सोनाका' हा लांबट मण्यांचा वाण निवडला. काळ्या द्राक्षांतील 'शरद सीडलेस' हाही त्यांचाच. त्यांच्या घरांतील पुढच्या पिढीनेंही वाण निवडण्याचें काम पुढें चालविलें. वेल हेरणें हें पहिलें काम खरें. पण वाण पसरतो तो काडीनें, आणि काडी पसरते ती एका हातानें दुसऱ्या हातास दिल्यानें. आज सांगली व नाशिककडील बागांतूनही हीं नांवें ऐकूं येतात. आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रांत १९३० नंतरच्या दशकांत निवडलेली मालदांडी ३५-१ ज्वारी घ्या. तिचें मूळ बियाणें शेतकऱ्यांच्याच कणग्यांतलें. त्यांतून निवड होऊन तें पुन्हा सर्वांकडे गेलें, आणि आज इतक्या वर्षांनींही रब्बीची भाकरी तिच्याच पिठाची होते. कणगीवाल्यांनीं बी दिलें नसतें तर निवड कशांतून करावयाची होती?

आतां शाळेकडे वळूं. माढा तालुक्यांत परितेवाडी म्हणून एक लहानसें गांव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेंत २००९ सालीं रणजितसिंह डिसले हे शिक्षक रुजू झाले, तेव्हां शाळेची इमारत एका बाजूस गोठा व दुसऱ्या बाजूस कोठार अशा अवस्थेंत होती. या गुरुजींनीं पाठ्यपुस्तकांतील पानांवर काळ्या-पांढऱ्या चौकोनांची खूण, म्हणजे क्यूआर कोड, चिकटविण्यास आरंभ केला. फोन त्या खुणेवर धरला कीं कविता ऐकूं यावी, धडा चित्रासह दिसावा, स्वाध्याय पुढें यावा. दुकानांतून पैसे देण्यासाठीं हल्लीं जी खूण सर्वत्र दिसते, तीच ही. परंतु ती पुस्तकास लावावी हें त्यांस सुचलें. ही युक्ति एका वाडीच्या शाळेपुरती ठेवून 'आमची शाळा पहा कशी पुढें आहे' म्हणून मिरवितां आली असती. त्यांनीं ती शिक्षण खात्यापुढें मांडली. २०१७ सालीं राज्य सरकारनें पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालण्याचें ठरविलें, आणि पुढच्याच वर्षीं केंद्र सरकारनेंही राष्ट्रीय पुस्तकांसाठीं तोच मार्ग जाहीर केला.

३ डिसेंबर २०२० रोजीं लंडनहून या शिक्षकांस जागतिक शिक्षक पारितोषिक जाहीर झालें. १४० देशांतून १२,००० हून अधिक नांवें आलेलीं, पारितोषिक १० लाख डॉलरचें. त्यांतील अर्धी रक्कम अंतिम फेरींतील बाकीच्या ९ शिक्षकांस वांटून देत असल्याचें त्यांनीं तेथल्या तेथें सांगितलें, आणि प्रत्येकाच्या वांट्यास सुमारें ५५,००० डॉलर आले. या रकमेची चर्चा वर्तमानपत्रांतून पुष्कळ झाली. आम्हांस मात्र रक्कम वांटण्याहून खूण वांटणें अधिक मोलाचें वाटतें. पैसा वांटला तर आपल्याजवळचा तेवढा कमी होतो; खूण दुसऱ्या शाळेंत गेली म्हणून परितेवाडीच्या पुस्तकांतून पुसली गेली नाहीं. ज्या जिल्ह्याच्या गुरुजींनीं हें करून दाखविलें, त्याच जिल्ह्यांतील बापानें आपल्या मुलास 'ब्र काढूं नको' म्हणावें, हें विपरीत आहे.

परंतु वाचकांपैकीं कोणी चतुर गृहस्थ येथें विचारतील, कीं 'तुम्ही म्हणतां तसें सांगितलें, आणि सांगणाराच नागवला गेला तर?' हा प्रश्न खरा आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यांत नांदेड नांवाचें गांव आहे. तेथील दादाजी खोब्रागडे यांनीं १९८३ सालीं आपल्या धानाच्या बांधींत तीन लोंब्या निराळ्या दिसल्या म्हणून त्या जपून ठेवल्या, वर्षोंवर्षीं पेरून त्यांतून बारीक व चवदार तांदळाचा वाण तयार केला, आणि मागेल त्यास बी दिलें. त्या काळीं लोकांच्या मनगटावर असलेल्या घड्याळाच्या नांवावरून बाजारांत त्याचें नांव 'एचएमटी' पडलें. तो तांदूळ अनेक राज्यांत पसरला. पुढें संशोधन संस्थेनें तोच वाण शुद्ध करून प्रसारित केला, तेव्हां मूळ शोधकाचें श्रेय मागें राहिलें, अशी तक्रार पुष्कळ वर्षें चालली. दादाजींचा मोठमोठ्या सभांतून सत्कार झाला. पण ३ जून २०१८ रोजीं ते वारले ते विपन्नावस्थेंतच.

या उदाहरणावरून 'म्हणून द्यावयाचेंच नाहीं' असा निष्कर्ष काढणारे लोक आहेत. आमच्या कारकुनी डोळ्यांस त्यांत निराळेंच दिसतें. दादाजींनीं बी दिलें यांत त्यांचा तोटा झाला नाहीं. देतांना नोंद राहिली नाहीं, यांत झाला. फेरफार न घालतां जमीन कसावयास दिली तर पुढें काय होतें हें आम्हीं कचेरींत इतक्या वेळां पाहिलें आहे, कीं या बाबतींत आम्हांस कोणा पंडिताची साक्ष नको.

नोंदीचें सामर्थ्य केवढें, तें हळदीच्या प्रकरणांत दिसलें. १९९५ सालीं अमेरिकेंत, हळदीनें जखम बरी करण्याच्या उपायावर एका विद्यापीठास पेटंट मिळालें. आपल्या आज्यांनीं पिढ्यानपिढ्या जें केलें, त्यावर परक्याची मालकी! तेव्हां डॉ. रघुनाथ माशेलकर हे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेनें तेथें जाऊन हरकत घेतली, आणि १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. तें कशानें रद्द झालें? आपल्याकडे सर्वांस हें ठाऊक आहे, एवढें म्हणून भागण्यासारखें नव्हतें. जुने ग्रंथ व छापील लेख मिळून ३२ दाखले पुढें ठेवले, त्यांत १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय मासिकांतील लेख होता. कोणीं तरी त्या वर्षीं तो लिहून छापला होता, म्हणून तो ४० वर्षांनीं कामास आला.

यावरून मुलांच्या शोधांविषयीं व्यवहार कसा ठेवावा, तेंही कळतें. बहुतेक शोध हे लागवडीच्या वा फवारणीच्या पद्धतीचे असतात. शेतीच्या पद्धतीवर आपल्या देशांत १९७० च्या कायद्यान्वयें पेटंट मिळतच नाहीं. तेव्हां ती लपवून कायद्याचा कोणताही लाभ पदरांत पडत नाहीं. उलट ती तारखेनिशीं छापून आली तर निदान मुलाचें नांव तिला कायमचें चिकटतें. नवा वाण सांपडला तर त्यास २००१ चा वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे. शेतकऱ्यास आपला वाण स्वतःच्या नांवें नोंदवितां येतो, आणि त्यास शुल्क पडत नाहीं. आधीं अर्ज, मग वांटप, असा क्रम ठेवला म्हणजे झालें. राहतां राहिलें अवजार किंवा यंत्र. मुलानें खरोखर कोणी न केलेलें यंत्र केलें असेल, तर मात्र तें गांवापुढें मांडण्यापूर्वीं जरा थांबावें. कारण एकदां उघड झालेल्या वस्तूवर मागून पेटंट मिळणें कठीण. अशा वेळीं तात्पुरता अर्ज करून ठेवावा. पूर्ण अर्ज करण्यास त्यानंतर १२ महिन्यांची मुदत मिळते, आणि त्या दरम्यान यंत्र खुशाल दाखवावें. इतकी काळजी घेण्यासारखा शोध शंभरांत एखादाच. बाकीच्या नव्याण्णवांना भीतीचें कारण नाहीं. त्या एकाच्या भयानें आपण नव्याण्णव कोंडून ठेवितों.

मुलांस बोलतें करण्याचा प्रयत्न करणाऱ्या संस्था नाहींत असें नाहीं. केंद्र सरकारची 'इन्स्पायर मानक' म्हणून योजना आहे. शाळेमार्फत मुलांच्या कल्पना मागवून निवडलेल्या कल्पनेच्या नमुन्यासाठीं १०,००० रुपये मुलाच्या खात्यांत जमा होतात. आपल्या शाळेनें कल्पना पाठविल्या काय, हें मुख्याध्यापकांस विचारण्यास पालकांचें कांहीं खर्चत नाहीं. अहमदाबादचे प्राध्यापक अनिल गुप्ता यांनीं १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मधमाशीच्या नांवानें एक चळवळ उभारली. तिचा नियम साधा आहे: ज्याचें ज्ञान घेतलें त्याचें नांव लिहावयाचें, आणि तें त्याच्याच भाषेंत त्याच्याकडे परत न्यावयाचें. आम्हांस हा नियम पाठ करण्याजोगा वाटतो.

परंतु आमच्या मनास अधिक पटलेलें काम पुणें जिल्ह्यांतील पाबळचें. डॉ. श्रीनाथ कलबाग हे मुंबईच्या मोठ्या कारखान्यांतील संशोधनाची नोकरी सोडून १९८३ सालीं शिरूर तालुक्यांतील या अवर्षणी गांवीं आले व त्यांनीं विज्ञान आश्रम काढला. तेथें मुलें लोखंडकाम, वीज, शेती, पशुपालन हीं कामें हातानें करून शिकतात. आणि तीं नुसतीं शाळेच्या भिंतीआंत शिकत नाहींत, तर गांवच्या लोकांचें काम करून देतात व त्याचा मोबदला घेतात. आमच्या मतें यांतलें मर्म असें, कीं मुलास 'भाषण कर' म्हटलें तर तें लाजतें, पण 'काकांची मोटर चालू करून दे' म्हटलें तर लाजत नाहीं. काम करतां करतां तें आपोआप बोलतें. आपण मात्र मुलांचे शोध बक्षीस-समारंभांत, हारतुऱ्यांच्या गर्दींत, ध्वनिक्षेपकापुढें उभें करून ऐकूं पाहतों. तेथें पाहुण्यांचीं भाषणें दोन तास आणि मुलाची वस्तु दोन मिनिटें! त्यापेक्षां बांधावर, विहिरीच्या काठीं, सोसायटीच्या ओट्यावर दहा माणसें पुरेत.

मुलांसही येथें दोन शब्द सांगितले पाहिजेत. फोनवर कोठून तरी आलेला निरोप पुढें ढकलणें म्हणजे शोध सांगणें नव्हे. 'अमुक काढा फवारा, उत्पन्न दुप्पट' असे निरोप दररोज येतात व जातात. त्यांनीं शेतकऱ्यांचें नुकसानही केलें आहे. स्वतः करून पाहिलें तेंच सांगावें, आणि करून पाहतांना दोन ओळी मुद्दाम तशाच ठेवाव्या, म्हणजे फरक औषधाचा कीं पावसाचा हें कळेल. फसलेला प्रयोगही सांगावा. तो ऐकून दुसऱ्याचे पैसे वांचतात. आणि कोणी वडीलधाऱ्यानें 'कालचें पोर' म्हणून थट्टा केली, तर त्या ओळी दाखवाव्या व गप्प बसावें. ओळींशीं वाद घालणारा अजून आमच्या पाहण्यांत आला नाहीं.

मुलींविषयीं आमचें सांगणें अधिक निकडीचें आहे. मुलगा बिघडलेला फोन हातीं घेतो तेव्हां आपण त्यास हुषार म्हणतों. मुलीनें घेतला तर 'ठेव तो' म्हणतों. वस्तुतः ई-पीक पाहणीच्या नोंदी, बँकेचे निरोप, खताच्या पिशवीवरील मजकूर, हें सर्व घरांत वाचून दाखविणारी पुष्कळदां मुलगीच असते. तिला शेजारणींच्या बैठकींत, बचतगटांत, तिच्या आईबरोबर कां होईना, सांगूं द्यावें. आईस घरांत बसून जें समजतें तें बचतगटांत दहा घरीं जाईल.

आतां आमची सूचना. प्रत्येक गांवच्या सोसायटींत एक जाड बांधणीची वही ठेवावी. तिचें नांव कांहींही द्या. आम्ही तिला 'गांवचें शोधदप्तर' म्हणूं. रकाने आमच्या संवयीप्रमाणें मोजकेच: अनुक्रम, तारीख, विद्यार्थ्याचें नांव व इयत्ता, काय सांपडलें, कोणत्या शेतांत व कोणत्या पिकावर करून पाहिलें, न केलेल्या ओळींत काय दिसलें, कोणासमक्ष दाखविलें त्यांच्या सह्या, आणि शेवटीं मोठा शेऱ्याचा रकाना. तो मोठा असावा, कारण त्यांत खिळा बुडविणाऱ्या म्हाताऱ्यांचे शेरे लिहावयाचे आहेत. ते बहुधा रकान्याबाहेर जातात. वर्षांतून दोनदां, खरीप पेरणीपूर्वीं एकदां व रब्बीपूर्वीं एकदां, त्यांतील नोंदी सर्वांपुढें वाचाव्या, आणि ज्या दोन वेळां खऱ्या ठरल्या त्या या मासिकाकडे धाडाव्या. संपादकांनीं त्यांस वर्षाकाठीं कांहीं पानें राखून ठेवावीं व मुलाचें नांव लेखाच्या तळाशीं न छापतां माथ्यावर छापावें, अशी आमची त्यांस विनंति आहे. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास जिल्ह्यांतून इतके शेतकरी सोलापुरास येतात, तेव्हां एखाद्या मंडपांत ही वही घेऊन मुलांस बसवितां आलें तर उत्तमच. पण त्यासाठीं वहीचें काम अडवूं नये.

वहीस पानें दोनशें पुरेत. लिहिण्यास आरंभ करण्यापूर्वीं प्रत्येक पानास क्रमांक घालून, पहिल्या पानावर 'एकूण पानें दोनशें' असें लिहून चेअरमनची सही व सोसायटीचा शिक्का घ्यावा. नोंदींत खाडाखोड झाली तर चुकलेला शब्द वाचतां येईल असा एका रेघेनें खोडून बाजूस सही करावी, आणि पान फाडूं नये.